सोमवारची दीडशे पावलं

गेल्या महिन्यात माझ्या भाच्याने मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला. पुण्यात जुन्या गाड्यांची मिरवणूक निघते म्हणे, तिचा. एकामागून एक चकचकीत गाड्या जात होत्या आणि माइकवरचा माणूस प्रत्येकीची कुळकथा सांगत होता. मधेच एक लाल, बुटकी, दोनच सीटांची, टप उघडा टाकलेली गाडी आली. माइकवाला म्हणाला, ही विलायती गाडी पन्नास वर्षांची आहे, पण अजून साडेचार हजार मैलसुद्धा चाललेली नाही, जवळजवळ न वापरलेलीच समजा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मोबाइल पालथा ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन घासलेली भांडी पुन्हा घासत बसले.

त्या न वापरण्यामागे एक माणूस होता. केजच्या बाजारपेठेत कासऱ्या-दाव्यांचं दुकान चालवणारे शिवहारआप्पा. आप्पांना जाऊन आता वर्ष होईल.

मी तिथल्या शाळेत भूगोल शिकवायचे आणि आप्पांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत बावीस वर्षं भाड्याने राहिले. माझ्या साड्यांना कायम अंबाडीच्या दोरांचा वास यायचा. वर्गातली पोरं म्हणायची, बाई आल्या की गोठ्यात आल्यासारखं वाटतं. खाली दुकानात आढ्यापासून जमिनीपर्यंत दोर लोंबत असत. कासरे, दावी, बैलांच्या घुंगरमाळा, शेळ्यांच्या गळ्यातल्या बारीक घंटा. मधोमध गादीवर आप्पा. कपाळाला विभूतीचे तीन पट्टे, पांढरं धोतर, आणि उंची बेताची म्हणायची तीसुद्धा सौजन्य म्हणून.

दोर ते हातांनी मोजायचे. दोन्ही हात आडवे ताणले की एक वाव. आपले हात आखूड, म्हणजे आपला वाव गिऱ्हाइकाला कमी भरतो, याची त्यांना कायम टोचणी. म्हणून प्रत्येक वावाला ते वीतभर दोर जास्त सोडत आणि सगळं मोजून झाल्यावर आणखी एक हात. "गाठीचा हात येगळा," असं म्हणून मगच सुरी लावायचे. पंधरा वावांचा सोल, म्हणजे विहिरीचा जाड दोर, घेणारा माणूस सतरा वाव घेऊन जायचा. मी एकदा म्हटलं, आप्पा, सरळ लोखंडी पट्टी आणा. तर म्हणाले, पट्टीला लाज नसते.

दुकानामागे त्यांची एक अंधारी खोली होती, ठेवीची. तलवाड्याकडची, सिरसाळ्याकडची मेंढरं राखणारी कुटुंबं दिवाळी झाली की कळप घेऊन लांब निघायची. जाताना पत्र्याची पेटी, लग्नातली घागर, क्वचित एखादा म्हातारा बैलसुद्धा आप्पांकडे सोडून जायची. कागद नाही, पावती नाही. आप्पा प्रत्येक वस्तूला दोराचा तुकडा बांधायचे आणि प्रत्येक घराची गाठ वेगळी असायची. आणि ठेवीचे नियम त्यांना पाढ्यासारखे पाठ होते. ठेवीच्या भांड्यात पाणी प्यायचं नाही. ठेवीच्या बैलाला चारा घालावा, पाणी पाजावं, पाय मोकळे करून आणावं, पण औताला जुंपायचं नाही. तिसरा नियम सगळ्यांत कडक होता. ठेवीची आठवण आपण काढायची नाही, ज्याची त्याला येऊ द्यायची. आपण विषय काढला तर समोरच्याला वाटतं, याला आपली वस्तू जड झाली.

या तिसऱ्या नियमाची गंमत मी डोळ्यांनी पाहिली आहे. एक दिवस सकाळीच एक मेंढपाळ बाई दुकानात येऊन बसली. नवरा वारलेला. त्याने आठ-नऊ वर्षांपूर्वी घागर ठेवलेली, ती आता असेल की नसेल, या शंकेने तिला विचारायचा धीर होईना. तिने गरज नसताना एक दावं घेतलं, मग दुसरं घेतलं. आप्पांना ती कशासाठी आली आहे हे पहिल्या क्षणीच कळलं होतं, पण त्यांना विषय काढायची चोरी. दोघं दुपारपर्यंत पावसापाण्याचं बोलत बसली. शेवटी आतून महानंदाकाकू, म्हणजे आप्पांच्या पत्नी, ती घागर आणि चिंचेचा कोळ घेऊन बाहेर आल्या आणि त्या बाईसमोर बसून, काही न बोलता, घागर घासायला लागल्या. ती बाई पदरात तोंड लपवून रडली. आप्पांचे नियम आप्पांना लखलाभ, ते सोडवायला काकू लागत.

त्याच खोलीला लागून पत्र्याची शेड होती आणि तिच्यात ती लाल गाडी.

गाडी डॉक्टरांची. समोरच त्यांचा दवाखाना होता. विलायतेत शिकून आले तेव्हा बोटीतून ही गाडी घेऊन आले. केजच्या रस्त्यांवर तिचं पोट घासायचं, म्हणून फारशी काढत नसत. त्यांची आणि आप्पांची संध्याकाळ रोज एकाच बाकड्यावर जायची, डॉक्टर बोलणार आणि आप्पा सुतळी वळत ऐकणार. काकू एकदा तापाने दोन आठवडे अंथरुणाला खिळल्या होत्या, तेव्हा डॉक्टरांनी त्यांना वाचवलं होतं. मी केजला आले त्याच्या आधीच ते बायको-मुलीला घेऊन परत विलायतेला गेले होते. जाताना किल्ली आणि कागदांची पिशवी आप्पांच्या हातात दिली. दोन वर्षांत येतो, तोवर असू द्या तुमच्याकडे, म्हणाले. तेव्हा मीटरवर चार हजार दोनशे बारा मैल होते. हा आकडा आप्पांनी शेडच्या दारावर आतून खडूने लिहून ठेवला होता आणि दर दसऱ्याला तो पुन्हा गिरवायचे.

डॉक्टर आले नाहीत. तीस वर्षं आप्पांनी ठेव सांभाळली.

दर सोमवारी अंघोळ, लिंगपूजा झाली की आप्पा शेड उघडायचे. काकूंनी जुन्या लुगड्यांची वाकळ शिवली होती, ती गाडीवर पांघरलेली असायची. ती घडी करून ठेवायची, काच पुसायची, किल्ली फिरवायची. मग शेडपासून गल्लीच्या टोकाच्या महादेवापर्यंत गाडी न्यायची आणि परत आणायची. जाताना दीडशे पावलं, येताना दीडशे पावलं, मी मोजली आहेत. आप्पा उशीवर बसून, मान उंच करून, जीव मुठीत धरून चालवायचे. त्या गाडीला तिसरा गिअर होता हे त्यांना माहीत असावं असं मला वाटत नाही. पाय मोकळे झाले की पुन्हा वाकळ.

पोळ्याला तर कहर. आदल्या संध्याकाळी लोक बैलांच्या खांद्यांना हळद-लोणी चोळून आवतन देत, तेव्हा आप्पा शेडमध्ये जाऊन गाडीच्या पुढच्या पत्र्याला बोटभर लोणी लावायचे आणि हळूच म्हणायचे, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." दुसऱ्या दिवशी गाडीला घुंगरमाळ. पहिल्या वर्षी सगळी पेठ हसली म्हणे. एकजण म्हणाला, आप्पा, तुमच्या बैलाला शिंगं न्हाईत की. आप्पा म्हणाले, म्हनूनच मारका न्हाई. पुढे पुढे पोळ्याच्या मिरवणुकीत सगळ्यांत शेवटी लाल गाडी असणार हे गावाने धरूनच चाललं. मी बदली होऊन आलेल्या नव्या शिक्षकांना ती मुद्दाम दाखवायला न्यायचे.

आता जे सांगणार आहे ते सांगताना मला अजून आप्पांचा राग येतो.

श्रावणातला सोमवार होता. मी जिन्यात उभी, शाळेला निघालेली. आप्पा गाडी पुसत होते आणि काकू वाकळेची घडी हातात घेऊन शेडच्या दारात उभ्या होत्या. त्या सहज बोलल्यासारखं बोलल्या. "अवो, एकदा हिच्यातून परळीला नेता का? वैजनाथाला जाऊन येऊ. दोनच शिटा हायत हिला, आन् आपुन बी दोघंच हाव."

त्यांना मूल नव्हतं. त्या दुःखाबद्दल काकू कधी बोलल्याचं मी ऐकलं नाही, त्या सकाळी जे काही बोलल्या तेवढंच.

आप्पा काच पुसत राहिले. मग म्हणाले, "ठेव हाय ती, महानंदा."

काकू "बरं" म्हणाल्या आणि घडी खाली ठेवून आत गेल्या. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही. पुढच्या सोमवारी दोघं एसटीने परळीला गेली. मीही होते सोबत. काकूंना खिडकी मिळाली. शेजारची जागा रिकामी असूनही आप्पा अंबाजोगाईपर्यंत उभेच राहिले. नंतर दर श्रावणात ती दोघं एसटीनेच जात राहिली.

मी एकदा आप्पांना चांगलं फैलावर घेतलं होतं. परळी इथून पन्नासेक किलोमीटर, एक दिवसाचा प्रश्न, डॉक्टर काय म्हणणार आहेत, असं काय काय बोलले. आप्पांनी दोर वळणं थांबवलं. "डाक्टर काय म्हनतील हा सवाल न्हाई, बाई. मी मला काय म्हनंन?"

दिवाळीला डॉक्टरांचा फोन यायचा, पुढे पुढे माझ्या मोबाइलवर. तिकडून डॉक्टर पाऊस कसा झाला विचारायचे, इकडून आप्पा थंडी कशी आहे विचारायचे. वर्षानुवर्षं हेच. गाडीचं नाव कुणीच काढत नव्हतं. एका दिवाळीला मी समोर उभी राहून, दोन्ही हातांनी स्टिअरिंग फिरवल्याची खूण करून, विचारा, विचारा, असं सुचवलं. आप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गुपचूप फराळाचं ताट घेऊन वर गेले. तेव्हा मीच फोन हिसकावून विचारलं असतं तर? काकू तेव्हा हयात होत्या. हा प्रश्न माझा मला आहे, तो आप्पांवर ढकलता येत नाही.

काकू गेल्या त्याला आता पाच वर्षं झाली. साधं दुखणं, पण लांबलं. त्यानंतर आप्पांची नजरही काचबिंदूने अधू होत गेली. सोमवारी गाडी चालवायला गॅरेजवाले रफिकभाई यायचे आणि आप्पा पुढच्या पत्र्यावर हात ठेवून, बैलाला कासऱ्याने न्यावं तसे, गाडीच्या बाजूने चालायचे.

मग एका दुपारी फोन आला. डॉक्टरांची मुलगी बोलत होती. डॉक्टर वारले होते. आप्पांना नीट ऐकू यावं म्हणून मी फोन स्पीकरवर टाकला होता. तिचं मराठी अडखळतं पण गोड होतं. ती म्हणाली, गाडी तुमच्या नावावर करायचे कागद सही करून पाठवते. ठेवायची तर ठेवा, विकायची तर विका, ती तुमचीच आहे, बाबांनी ती तुम्हाला केव्हाच देऊन टाकली होती. ती पुढे बोलत राहिली. इकडे बर्फ पडायला लागला की बाबा खिडकीत उभे राहायचे आणि म्हणायचे, आत्ता आप्पा आणि वहिनी टप उघडा टाकून परळीच्या रस्त्याला लागले असतील. मग तिने विचारलं, "काका, किती फिरली असेल हो ती?"

आप्पांनी घसा साफ केला. "लई फिरली," ते म्हणाले.

त्यांच्या तोंडून खोटं मी तेवढं एकदाच ऐकलं.

फोन ठेवल्यावर ते बराच वेळ सुतळीचं एकच टोक वळत बसले. नंतर म्हणाले, "म्हंजे ती आमचीच हुती. महानंदा इचारीत हुती तवाबी आमचीच हुती. कावून बोल्लो न्हाई मी आन् डाक्टर दोघंबी, बाई?" डॉक्टर का बोलले नाहीत, ते मला अजून कळत नाही. कदाचित आप्पांनी गाडी परत न्या म्हटलं तर काय, ही भीती त्यांना असेल. चांगुलपणाने माणसं इतकी गप्प बसू शकतात, याचा मला त्या दिवशी फार संताप आला.

त्या सोमवारी शेड उघडली नाही.

गाडीचं काय करायचं, यावर पेठेत जो तो सल्ला द्यायला लागला. आप्पा आधी ठामपणे म्हणाले, ठेवणार. त्यांनी रफिकभाईंना बोलावलं आणि सांगितलं, हिला परळीला न्यायचं आहे, तुम्ही चालवा, काय हवं नको ते बघून घ्या. रफिकभाई अर्धा दिवस गाडीखाली होते. बाहेर आले ते हात पुसत, खाली बघत. रबराच्या नळ्या चिरलेल्या, ब्रेक धरलेले, टाकी आतून गंजलेली, टायर दगडासारखे. परळी राहू द्या, म्हणाले, अंबाजोगाईसुद्धा गाठायची नाही.

आप्पा म्हणाले, "मी तर दर सोमवारी पाय मोकळे करीत हुतो."

"त्यानंच झालं, आप्पा," रफिकभाई शक्य तितक्या हळू आवाजात बोलले. "दीडशे पावलांत इंजन गरमबी हुत न्हाई. थंडं इंजन बंद केलं की आतून पानी धरतंय. बैलाला इसावा लागतू. गाडीला चालनंच खुराक हाय."

आप्पा शेडच्या दारावरचा आकडा बघत उभे राहिले. दिसत नव्हता, पण तिकडेच बघत होते.

त्यानंतर पंधरा दिवस ते रोज शेडमध्ये जाऊन बसायचे. गाडीत नाही, बाजूला स्टुलावर. मला विचाराल तर गाडी ठेवावी असंच माझं मत होतं. काकूंची वाकळ तिच्यावर आहे, डॉक्टरांचा हात तिच्यावर फिरला आहे, ती नुसती उभी राहिली तरी काय बिघडलं, असं मी त्यांना सांगितलं. रफिकभाईंचं म्हणणं होतं, तिचे सुटे भाग इथे मिळत नाहीत, ती पुन्हा चालवायची तर पूर्ण उघडून बांधणारा शौकीनच हवा, आणि असा एक पुण्यात आहे. आप्पांनी दोघांचं ऐकून घेतलं. सोळाव्या दिवशी चहा पिताना ते मला म्हणाले, "ठिवली तर ती माझी ऱ्हाईल. इकली तर ती ऱ्हाईल. दोरीला बांधून आजवर लई राखलं, बाई."

मी कपबशा घेऊन वर गेले आणि जिन्यात रडले.

पुण्याचे गृहस्थ आले. माणूस सभ्य होता, उगाच नावं ठेवायला नकोत. पण आल्याआल्या त्यांनी गाडीच्या आत वाकून मीटर पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. चार हजार चारशे एकतीस. त्यांनी तीन वेळा विचारलं, काका, हे खरं आहे ना? आप्पा हो म्हणाले. एरवी कुणी त्यांच्या सांभाळण्याचं कौतुक केलं की आप्पा फुलायचे, त्या दिवशी त्यांची मान खाली गेली. त्या माणसाला जो आकडा लाखमोलाचा वाटत होता, तो आप्पांना न चाललेल्या वाटेचा आकडा दिसत होता.

व्यवहार ठरला. आप्पांनी दोन अटी घातल्या. पहिली, हिला पळवायची. गृहस्थ हसून म्हणाले, म्हणजे काय, अर्थातच. त्या व्हिडिओतल्या आकड्यावरून ती अट पाळली गेली असं काही दिसत नाही. दुसरी अट ऐकून मात्र ते गोंधळले. पुणे पश्चिमेला आणि परळी पूर्वेला. आप्पांचं म्हणणं, गाडी ट्रकवर चढवाल तेव्हा ट्रक आधी परळीला जाऊ द्या, वैजनाथाच्या पायऱ्यांपर्यंत, आणि मग तिथून कुठेही न्या. एवढा उलटा फेरा कशाला, असं ते विचारणार होते, पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं नाही. ट्रकवर असताना मीटर फिरत नाही, याची मात्र त्यांनी रफिकभाईंकडून खात्री करून घेतली.

ट्रक आला तो सोमवारीच. सकाळी दहाची वेळ, पेठ नुकती उघडत होती. गाडी ढकलत वर चढवली. ट्रकवाल्याने बांधायला आपले पट्टे बाहेर काढले तर आप्पा म्हणाले, थांबा. दुकानातून अंबाडीचा नवा दोर मागवला. ते गादीवर बसले नाहीत, रस्त्यातच उभे राहून त्यांनी दोन्ही हात ताणले आणि वाव मोजायला लागले. प्रत्येक वावाला वीतभर जास्त सोडली, शेवटी आणखी एक हात धरला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "गाठीचा." मग त्यांच्या सांगण्यावरून रफिकभाईंनी चारही चाकं आवळली आणि गाठी आप्पांनी स्वतः चाचपून मारल्या. कुणाच्या घराची ती गाठ होती ते मला ओळखू आलं नाही. आप्पांच्या स्वतःच्या घराची गाठ मी कधी पाहिलीच नव्हती.

मग ते म्हणाले, मला वर चढवा. ट्रकवाला नको म्हणाला, खाली केबिनमध्ये बसा म्हणाला. पुण्याच्या गृहस्थांनी त्याला हाताने थांबवलं. मी आणि रफिकभाईंनी आप्पांना वर चढवलं. ते गाडीचं दार उघडून आत बसले, उशी नीट केली, मान उंच केली. टप उघडाच होता. शेजारच्या सीटवर त्यांनी काकूंची वाकळ ठेवली, घडी घातलेली.

मी खालून विचारलं, "आप्पा, मी येऊ का सोबत?"

त्यांनी शेजारच्या सीटकडे हात केला. "जागा न्हाई, बाई," ते म्हणाले.

ट्रक पेठेतून हळूहळू निघाला. पेठेतली माणसं दुकानांच्या पायऱ्यांवर उभी होती, पण त्या दिवशी कुणी चेष्टा केली नाही. मी अंबाजोगाईच्या रस्त्यापर्यंत मागे चालत गेले. ट्रकवर, दोरांच्या मधोमध, लाल गाडीत बसलेले आप्पा मला पाठमोरे दिसत होते, पांढरी टोपी आणि आखूड खांदे, दोन्ही हात स्टिअरिंगवर. रस्त्याला वळण आलं आणि ट्रक डावीकडे वळला. चाकं जखडलेली होती, स्टिअरिंग बोटभरही हलण्यासारखं नव्हतं, तरी आप्पांनी ते डावीकडे वळवू पाहिलं. मग एक हात काढून शेजारच्या वाकळेवर धरला, वळणावर ती कलंडू नये म्हणून.